दुकानातून बसवून आणलंय ना!

"टेलिमार्कच्या बाइंडिंगला ॲडजस्ट करण्यासारखं असतंच काय? बूट घाला, खटका दाबा, निघा." हे वाक्य मी गेल्या काही हिवाळ्यांत इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानावर पडलं तरी डोकं तडकतं. बोलणारे अडाणी नसतात. इथे वॉसॅचच्या डोंगरांत वीस-वीस वर्षं स्की करणारी माणसं असतात, स्कीच्या दुकानात काम करणारी असतात, आणि आता आमच्या घरातली तरुण पिढीही त्यांच्यात सामील झाली आहे. म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच टाकावं. म्हणजे पुढच्या वेळी वाद न घालता नुसतं "हे वाच" म्हणता येईल. :)

नातेवाईक मंडळींसाठी आधी थोडं नमन (घडाभर तेल नाही, पळीभरच). बर्फावरची नेहमीची स्की असते तिच्यात बूट पुढून आणि मागून असा दोन्हीकडून पक्का अडकवलेला असतो. टेलिमार्कमध्ये फक्त पुढचा चवडा अडकतो, टाच मोकळी. त्यामुळे वळताना एक पाय पुढे आणि मागचा गुडघा वाकवून खाली, असं करावं लागतं. देवळातला दासमारुती एका गुडघ्यावर बसलेला असतो ना, साधारण तसं. फक्त मारुतीराय स्थिर असतात आणि आपण उतारावरून घसरत असतो. बुटाला स्कीशी जोडणारं जे यंत्र, ते बाइंडिंग. एका प्रचलित प्रकारात पुढे बुटाची चोच अडकवायचा धातूचा साचा असतो, आणि टाचेमागून फिरणारी केबल किंवा सळ्या. त्या केबलच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगा. टाच वर उचलली की स्प्रिंगा ताणाखाली येतात आणि टाचेला खाली ओढतात. बस्स, एवढंच यंत्र. दिसायला इतकं सोपं की त्यात बिघडण्यासारखं काही असेल असं वाटतच नाही. आणि घोळ नेमका तिथेच आहे.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. टेलिमार्क बाइंडिंग ही 'बसवायची' वस्तू नाही, 'बेतायची' वस्तू आहे. एका विशिष्ट बुटावर, त्या बुटात घातलेल्या एका विशिष्ट पायावर. बूट न पाहता बाइंडिंग बसवून देणारा दुकानदार अर्धंच काम करून पूर्ण पैसे घेतो. आणि ते तसंच घेऊन डोंगरावर जाणारा स्वतःचा गुडघा दुसऱ्याच्या अंदाजावर सोपवतो.

आता मुद्द्याने मुद्दा.

साध्या स्कीच्या बाइंडिंगवर एक आकडा असतो. तुमचं वजन, उंची, वय, तुम्ही किती जोरात स्की करता आणि बुटाच्या तळाची लांबी, या गोष्टी तक्त्यात घालून तो आकडा काढतात. पडताना पायावर ठराविक जोर आला की बाइंडिंग बूट सोडून देतं, म्हणजे हाड मोडायच्या आत पाय सुटतो. हे सगळं कसं जुळवायचं, कसं तपासायचं यासाठी आयएसओ ११०८८ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. दुकानात ते जोर मोजायचं उपकरणही असतं. थोडक्यात, तिथे तुमच्या मागे एक व्यवस्था उभी आहे. तुम्ही काही न बघता स्की घेऊन गेलात तरी कोणीतरी काहीतरी मोजलेलं असतं.

टेलिमार्कच्या बहुतेक बाइंडिंगांच्या मागे असं कोणी नाही. ती पडताना बूट सोडतील अशी हमी नसते. काहींत बाजूला सुटायची सोय असते, काहींखाली वेगळी सुटणारी पट्टी लावता येते, पण मोठा वर्ग न सुटणाऱ्यांचाच. आकडा नाही, तक्ता नाही, मोजायचं उपकरण नाही. यावरून आपली मंडळी काय निष्कर्ष काढतात? "आकडाच नाही, म्हणजे ॲडजस्ट करायचं काही नाही." अहो, उलट आहे! आकडा नाही म्हणून तर बघणारे डोळे तुमचे हवेत. ज्या रस्त्यावर सिग्नल नाही तिथे गाडी जास्त जपून चालवायची की डोळे मिटून?

दुसरा मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. टेलिमार्कवाल्यांमध्ये एक जुना रोमँटिकपणा आहे. सोंद्रे नोरहाइमचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, "त्याच्याकडे कुठे होत्या स्प्रिंगा?" नोरहाइम हा नॉर्वेतल्या टेलिमार्क प्रांतातल्या मोर्गेदालचा गरीब कूळ. जन्म १८२५ चा. १८६८ साली तो क्रिस्तियानियाला (म्हणजे आजचं ऑस्लो) स्पर्धेला गेला आणि त्याने राजधानीच्या लोकांना थक्क केलं. पुढे १८८४ मध्ये तो अमेरिकेत आला आणि १८९७ मध्ये नॉर्थ डकोटात वारला. हे सगळं खरं. पण तो थक्क कशामुळे करू शकला? त्याआधी बहुतेकांचा बूट नुसता चवड्यावरच्या पट्टीत खुपसलेला असे. नोरहाइमने झाडाच्या लवचीक फांद्या पिळून त्यांचा वेढा टाचेमागून घेतला. त्यामुळे उडी मारताना, वळताना स्की पायाबरोबर राहिली. म्हणजे ज्याचं नाव घेऊन तुम्ही बाइंडिंगकडे दुर्लक्ष करता, त्या माणसाची कीर्तीच मुळात बाइंडिंग बुटाला नीट बेतण्यातून आली आहे! तो स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टाचेच्या मापाने ओल्या फांद्या पिळत होता. आपल्याला साधा स्क्रू फिरवायचा कंटाळा.

आणि नोरहाइमच्या काळापासून बदललं काय, तेही पाहा. १९२७ साली ब्रोर विथ नावाच्या नॉर्वेजियन माणसाने 'रोत्तेफेल्ला' काढलं. शब्दाचा अर्थ उंदराचा सापळा, आणि दिसतंही तसंच. बुटाची चोच आत घालायची, खालून पिना तळव्यात घुसतात, वरून पट्टी दाबून बसते. चोचीची रुंदी ७५ मिलिमीटर, पिना तीन. या मापाने कित्येक दशकं राज्य केलं. १९७०च्या दशकात कोलोरॅडोत क्रेस्टेड ब्यूटच्या बाजूला काही लोकांनी ही विसरली गेलेली वळणं पुन्हा चालू केली, तेव्हाही पायात चामड्याचे बूट आणि खाली अरुंद, लांब स्की होत्या. चामडं हा दयाळू पदार्थ आहे. आपली कोल्हापुरी नाही का, आठ दिवस चावते आणि मग पायाचा आकार घेते. बाइंडिंग थोडं वाकडं बसलं, ताण थोडा जास्त झाला, तर चामडं पिळवटून घ्यायचं आणि गप्प बसायचं.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला प्लॅस्टिकचे बूट आले. ते घोट्याच्या वरपर्यंत ताठ असतात. फक्त चवड्यापाशी, जिथे बोटं दुमडतात तिथे, घड्या घातलेला एक लवचीक पट्टा असतो. पाठोपाठ स्की रुंद झाल्या, स्प्रिंगा जाड झाल्या. म्हणजे पायातून निघालेला सगळा जोर आता कुठेही न जिरता थेट बाइंडिंगवर आणि तिथून स्क्रूंवर येतो. यंत्र पूर्ण बदललं, पण यंत्राबद्दलच्या गप्पा चामड्याच्या काळातल्याच राहिल्या. "काही होत नाही रे" हे १९७५ साली कदाचित खरं असेल. आज नाही.

काय होतं ते सांगतो. मागचा गुडघा खाली गेला की टाच वर येते, केबल ताणते आणि स्प्रिंग दबत जाते. स्प्रिंगेला दबायला मर्यादा आहे. वेढ्याला वेढा टेकला की ती स्प्रिंग राहत नाही, लोखंडाची कांडी होते. त्यानंतरही गुडघा आणखी खाली जायला बघत असेल तर आता देणारं कोणीच नाही. मग जे सगळ्यात कच्चं असेल ते तुटतं. केबल तुटेल, सळी वाकेल, बुटाची चोच फाटेल किंवा पुढचे स्क्रू स्कीतून उपसून येतील. स्की दुकानांत स्क्रूसाठी जे भोक पाडतात ते फक्त ९ मिलिमीटर खोल असतं! जुन्या तीन-पिनी बाइंडिंगला तीनच स्क्रू, नंतरच्या दणकट बाइंडिंगांना चार किंवा सहा. साध्या स्कीत टाचेकडचे स्क्रूही भार वाटून घेतात. टेलिमार्कमध्ये सगळी उपसणारी ओढ पुढच्या या मूठभर स्क्रूंवर. एवढ्या ओढीचा हिशेब करताना बूट समोर नको?

हे पुस्तकी बोलत नाही. गेल्या हिवाळ्यात माझ्या भाच्याच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. (ताई, तू हे वाचशील हे मला ठाऊक आहे. त्याने तुला "स्की जरा खराब झाली" एवढंच सांगितलं होतं. आता पुढचं वाच, पण त्याला फोन करून ओरडू नकोस. तो ठणठणीत आहे.)

पठ्ठ्याने जुनी स्की आणि जुनं केबलचं बाइंडिंग स्वस्तात घेतलं, बूट नवे घेतले आणि एका दुकानात जाऊन बाइंडिंग बसवून आणलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका दुकानाचा नाही. तिसऱ्या का चौथ्या फेरीला तो दोन मित्रांबरोबर लिफ्टपासून दूर, आतल्या भागात गेला. मऊ बर्फात एक खोल वळण घेताना कट्टकन आवाज आला आणि पुढचा साचा स्क्रूंसकट स्कीतून निघून बुटाला लोंबकळायला लागला. संध्याकाळ होत आलेली, थंडी उणे पंधराच्या आसपास, गाडी चार-पाच किलोमीटरवर. मित्रांकडे रबरी पट्टे होते. ते आवळून बूट कसाबसा स्कीला बांधला, आणि जिथे पट्टे टिकेनात तिथे मांडीपर्यंत बर्फात रुतत चालत तो रात्री नऊला गाडीपाशी पोचला. मित्र नसते, पट्टे नसते किंवा हवा फिरली असती तर काय झालं असतं, ते लिहीत नाही. ताई वाचते आहे.

रात्री फोन आला. म्हटलं, "अरे, निघण्याआधी गुडघा टेकवून बघितलं होतंस का?"

"मामा, पण दुकानातून बसवून आणलंय ना!"

दुसऱ्या दिवशी तो दोन्ही स्की घेऊन घरी आला. शाबूत राहिलेली स्की स्वयंपाकघरात जमिनीवर ठेवली आणि त्याला बूट घालून उभं केलं. टाचेमागचा खटका हाताने बसेना. "मी काठीने दाबून बसवतो," म्हणाला. मग गुडघा खाली न्यायला सांगितला. टाच जेमतेम वीतभर उचलली आणि स्प्रिंगेचे वेढे एकमेकांना टेकले. गुडघा अजून हवेतच. आधीच्या मालकाचा बूट लहान असणार. दुकानाने साचा स्कीवर स्क्रूने आवळला, केबल होती तशी लावली, बूट मागितलाच नाही. पावतीवर बुटाच्या लांबीची जागा कोरी. तुटलेल्या स्कीच्या भोकांत गोंदाचा मागमूस नव्हता. भाचा दुकानात विचारायला गेला तेव्हा उत्तर काय मिळालं? "टेलिमार्क आहे, असं होतंच."

होतंच! मला राग आला तो या शब्दाचा. स्क्रू आवळताना टेलिमार्क ही नेहमीची स्की होती, पैसेही नेहमीचेच घेतले. उपसल्यावर मात्र ती एकदम निसर्गाची लहर झाली.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. तेही घेतो.

पहिला आक्षेप: "हे तज्ज्ञांचं काम आहे, आपण लुडबुड करू नये." भोकं पाडायचं काम तज्ज्ञाचं आहे, शंभर टक्के मान्य. धातूचा थर नसलेल्या स्कीला ३.६ मिलिमीटरचा ड्रिल, धातूचा थर असलेल्या स्कीला ४.१ चा, खोली ९, भोकात गोंद, आणि जागा अचूक पडावी म्हणून वर साचा लावून करायचं काम. घरी लाकडाच्या ड्रिलने अंदाजे करून स्कीचा तळ फोडलेले महाभाग मी पाहिले आहेत. तिथे पैसे वाचवू नका. पण जागा कुठे धरायची हे बूट पाहिल्याशिवाय कसं ठरणार? जुनी रीत अशी की स्कीच्या टोकापासून शेपटापर्यंत सरळ दोरी धरायची, तिचा मध्य काढायचा आणि पिनांची रेघ त्यावर आणायची. नव्या स्कीवर कंपनीने जी खूण छापलेली असते ती असते बुटाच्या मध्यासाठी. टेलिमार्कचा बूट धरलेला असतो चोचीपाशी. साहजिकच चोच तिथेच ठेवून २० मिलिमीटर लांब बूट घातला तर पायाचा मध्य १० मिलिमीटर मागे सरकतो. कोणती रीत धरायची हा आवडीचा प्रश्न आहे, पण कुठलीही धरा, बूट टेबलावर हवाच. आणि स्प्रिंगेचा ताण तर तज्ज्ञाला लावताच येत नाही, कारण तुमचा गुडघा त्याच्याकडे नसतो. माझी आई शिलाई मशीनवर बसायची तेव्हा कापड बदललं की आधी चिंधीवर टाका घालून बघायची आणि मग दोऱ्याच्या ताणाचा स्क्रू पाव आटा इकडे-तिकडे करायची. मशीन कंपनीने बसवून दिलेलंच होतं की. पण वायलला वेगळा ताण लागतो आणि खादीला वेगळा, हे कारखान्यातल्या माणसाला कुठून कळणार?

दुसरा आक्षेप मर्दानी आहे: "ताण जितका जास्त तितका ताबा जास्त." स्प्रिंगा करकचून आवळणं ही आमच्या कंपूत एक फुशारकीची गोष्ट झाली आहे. आता यात अर्धं सत्य आहे म्हणून ते जास्त घातक. टाच उचलताना बाइंडिंग किती लवकर आणि किती जोराने खाली ओढतं, यावर ताबा अवलंबून असतो हे खरं. पण ते ठरतं मुख्यतः केबल कुठून वळते त्यावर. बोटांच्या सांध्याच्या जितकं मागून वळेल तितकी ओढ लवकर सुरू होते. काही बाइंडिंगांत ही जागा बदलता येते, तीन किंवा पाच ठिकाणं दिलेली असतात. जास्त ओढ हवी असेल तर तिथे बदल करा किंवा कडक स्प्रिंग घ्या. ती सोय त्याचसाठी आहे. आधीचा ताण वाढवून स्प्रिंगेची दबायची जागाच खाऊन टाकली की ताबा वाढत नाही, स्प्रिंग संपते. शिवाय तो जोर टाचेकडून पुढे बुटाला ढकलतो, चोच साच्यात चेपते, बूट घडीपाशी नीट दुमडत नाही आणि बोटं बधिर होतात. मग म्हणायचं, "बूट चावतो." बूट नाही हो चावत, तुमची हौस चावते.

नव्या पद्धतीने हे सगळं सुटलं, असंही काहींना वाटतं. २००७ साली रोत्तेफेल्लाने 'एनटीएन' आणलं. त्यात चोच नाही. बुटाच्या तळाला मधोमध खाली एक दुसरी टाच असते आणि स्प्रिंगा तिला धरतात, टाचेमागून केबलच नाही. काही दृष्टीने ती रचना निःसंशय सरस आहे. पण तिथेही बुटाच्या मापाची पट्टी निवडावी लागते, धरण्याची जागा पुढे-मागे करावी लागते, आधीचा ताण ठरवावा लागतो. ७५ मिलिमीटरचा बूट त्यात बसत नाही आणि त्याचा बूट यात बसत नाही, एवढं तरी दुकानदार सांगतो. बाकीचं तुम्हालाच बघायचं आहे.

मग बघायचं काय? दहा मिनिटांचं काम आहे. घरातल्या सतरंजीवर करा, दिवाणखान्यात, चहा गार व्हायच्या आत.

आधी बूट रिकामा घेऊन चोच साच्यात पूर्ण पुढे सरकवा. बाजूला हलते का बघा. जुन्या बुटाची चोच झिजलेली असते आणि पिनांची भोकं ढिली झालेली असतात. तसं असेल तर ताण वाढवून ते झाकलं जात नाही. बूट किंवा साचा बदलायची वेळ झाली आहे. मग टाच स्कीच्या मधोमध येते का ते वरून बघा. एका बाजूला झुकत असेल तर साचा तिरका बसलाय. दुकानात परत जा आणि भांडा.

आता बूट पायात घालून, बकल्स नेहमीसारखी लावून, खटका लावा. तो तळहाताने दाबून, थोडा प्रतिकार करत बसला पाहिजे. काठीने दाबावा लागला तर फार घट्ट, बोटाने बसला तर ढिला. फिरवायची नळी किंवा टाचेकडचा आटा दोन्ही बाजूंना सारखाच फिरवा, आटे मोजा.

मग खरी परीक्षा. पाय पुढे-मागे घ्या आणि मागचा गुडघा स्कीला टेकेल इतका खाली न्या. भरभर नाही, सावकाश. घरातल्या कोणाला तरी बाजूने बघायला बसवा. गुडघा तळाला गेला असताना स्प्रिंगेच्या वेढ्यांत फट दिसली पाहिजे. स्प्रिंग नळीच्या आत असेल तर ती दिसणार नाही, पण पायाला कळतं. ओढ वाढत वाढत जाते की मधेच भिंत लागल्यासारखी अडते? अडत असेल तर आटा सोडा. अगदीच सोडून झाला आणि तरी अडत असेल तर ती केबल त्या बुटासाठी लहान आहे, मोठी आणा. उलट, त्याच स्थितीत टाचेमागची पट्टी बुटाच्या खोबणीतून निसटायला बघत असेल तर ताण कमी आहे. या दोन टोकांच्या मधली जी जागा आहे ती तुमची. ती सापडली की आट्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका द्या, म्हणजे फिरला तर कळेल. (आमच्या हिने या कामासाठी एक लाल बाटली कायमची दान केली आहे.)

शेवटचं, पहिल्या दिवसानंतर स्क्रू पुन्हा तपासा. आणि योग्य पेचकसाने! स्कीचे स्क्रू बहुधा पोझिड्राइव्ह तीन नंबरचे असतात. घरातला साधा चौफुलीचा पेचकस त्यात बसल्यासारखा वाटतो, पण डोकं खाऊन टाकतो. मग घट्टही होत नाही आणि निघतही नाही.

बस्स, एवढंच. यात कुठे मोठं शास्त्र आहे? कुठलं महागडं यंत्र आहे? लक्ष द्यावं लागतं, इतकंच.

माझी लढाई खरं तर बाइंडिंगशी नाहीच. पावती हातात आली की विचार करायचं काम संपलं, या समजाशी आहे. जिथे मानक आहे, तपासणी आहे, जबाबदार माणूस आहे, तिथे पावतीवर विश्वास ठेवणं शहाणपणाचं. आपण रोज विमानात बसतोच की. पण जिथे यातलं काहीच नाही, तिथेही तोच विश्वास ठेवणं म्हणजे ज्याने कुठलंच वचन दिलं नाही त्याच्यावर वचनभंगाचा दावा लावण्यासारखं आहे. हिमकडा कोसळला तर न सुटणारी स्की माणसाला नांगरासारखी खाली ओढते, हे माहीत असूनही आम्ही ती पायात घालतो, कारण मोकळ्या टाचेचा आनंद तसा आहे. ती जोखीम समजून उमजून घेतलेली आहे. स्प्रिंग वीतभर उचलल्यावर संपते की नाही हे न बघणं ही जोखीम नाही, तो निव्वळ आळस आहे. दोन्हींना एकाच 'साहसा'च्या चादरीखाली झोपवू नका.

दुकानदारांनाही एक सांगणं आहे. बाइंडिंग बसवायला कोणी आला की पहिला प्रश्न "बूट कुठे आहेत?" हा असू द्या. नसतील आणले तर परत पाठवा. गिऱ्हाईक चिडेल, कदाचित शेजारच्या दुकानात जाईल. जाऊ दे. शिंपीसुद्धा माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही, आणि शिवण उसवली तर फक्त लाज जाते.

असो. फार झालं. थंडी सुरू झाली आहे, डोंगरमाथे पांढरे दिसायला लागलेत. स्की बाहेर काढायच्या आधी सतरंजी अंथरा.

ता.क. - भाच्याने जुनी भोकं नीट बुजवून, नव्या जागी, बूट टेबलावर ठेवून, बाइंडिंग पुन्हा बसवून घेतलंय. ताण त्याने स्वतः लावला. मी फक्त बाजूला बसून स्प्रिंगेतली फट बघितली. ताई, आता तरी निर्धास्त राहा. आणि दिवाळीचा फराळ पाठवलास तर चकल्या जास्त पाठव, त्या लाडवांसारख्या प्रवासात दबत नाहीत. मधे फट असते ना! :)